जमा, नावे आणि तीन प्रार्थना

माथेउस श्वार्त्स हा पेशाने हिशेबनीस आणि हौसेने भलताच नटवा माणूस. कोणत्या वर्षी आपण कोणते कपडे घातले याची चित्रे काढून घेऊन त्याने त्यांचे चक्क पुस्तक केले. १३७ चित्रांचे हे पुस्तक आज जर्मनीत ब्राउनश्वाइगच्या संग्रहालयात आहे. त्यातल्या एका चित्रात मात्र कपड्यांकडे लक्ष जात नाही. श्वार्त्स मेजाशी बसून लिहितो आहे, शेजारी सोनेरी टोपी घातलेला त्याचा मालक उभा आहे आणि मागे खणांचे एक मोठे कपाट आहे. प्रत्येक खणावर एकेका शहराचे नाव आहे : रोम, व्हेनिस, बुडा, क्राकाव, मिलान, इन्सब्रुक, न्यूरेंबर्ग, अँटवर्प, लिस्बन. मालकाचे नाव याकोब फुगर. जागा दक्षिण जर्मनीतले आउग्सबुर्ग शहर, साल १५१६-१७च्या सुमाराचे. श्वार्त्सने हे पुस्तक १५२० साली सुरू केले, म्हणजे चित्र प्रसंगाच्या वेळी काढलेले नाही. पण हा माणूस त्याच खोलीत रोज बसत होता, तेव्हा कपाटाच्या बाबतीत त्याच्यावर विश्वास ठेवायला हरकत नाही.

या चित्रात दोन गोष्टी शेजारी शेजारी आहेत. रोम हा पोपच्या दरबाराशी चालणाऱ्या व्यवहाराचा खण, आणि लिस्बन हा मिरीचा. फुगर घराण्याबद्दल लिहिणारे बहुतेक जण यातला एकच खण उघडतात. काहींना ते धर्मभोळे दानशूर वाटतात, तर काहींना पापक्षालनाच्या चिठ्ठ्या विकणाऱ्यांचे सावकार. घराण्याचे दप्तर मात्र शाबूत आहे आणि ते वाचले की या दोन्ही गोष्टी सांगणाऱ्यांची पंचाईत होते.

सुरुवात कराच्या वहीपासून होते. १३६७ साली आउग्सबुर्गच्या करवहीत एका नव्या माणसाची नोंद झाली : फुगर आला, त्याने ४४ फेनिग भरले. हा हान्स फुगर, जवळच्या ग्राबेन गावातला विणकर. पुढे त्याच्या वंशाच्या दोन शाखा झाल्या. एकीच्या ढालीवर हरीण, दुसरीच्या ढालीवर कमळासारखे लिलीचे फूल; हे दुसरे चिन्ह सम्राट तिसऱ्या फ्रेडरिकने १४७३ साली दिले. हरिणवाल्या लुकास फुगरने फ्रेडरिकचा मुलगा माक्सिमिलियन याला कर्ज दिले आणि तारण म्हणून लूव्हेन शहराची हमी घेतली. शहराने पैसे द्यायला सरळ नकार दिला आणि ती शाखा बुडाली. याकोब हा लिलीवाल्या शाखेतला. चुलत घराण्याच्या दिवाळ्यातून त्याने काय उचलले हे त्याने कुठे लिहून ठेवलेले नाही, पण त्याचे पुढचे करारच ते सांगतात : राजाला कर्ज द्यायचे ते त्याच्या शब्दावर नाही, खाणीतून निघणाऱ्या मालावर.

याकोबचा जन्म १४५९चा. धाकटा मुलगा म्हणून त्याला धर्मसेवेकडे वळवायचे ठरले होते आणि हेरीडेनच्या चर्चचे एक वतनही त्याच्या नावावर होते. जुने चरित्रकार सांगतात की भाऊ वारले म्हणून मठातून बोलावून त्याला पेढीवर बसवले. गोष्ट नाट्यमय आहे, पण १४७३च्या एका कागदात चौदा वर्षांचा याकोब व्हेनिसला घरच्या कामकाजात दिसतो. म्हणजे वतन चर्चचे आणि शिक्षण जर्मन व्यापाऱ्यांच्या वखारीत, अशी ही दुहेरी तयारी होती. वडील १४६९ साली वारले होते आणि पेढी आई बार्बारा चालवत होती. मुलांना कुठे पाठवायचे हे त्या बाईला चांगले कळत असावे.

पुढची चढण चांदी आणि तांब्याची. १४८०च्या दशकात तिरोलच्या आर्चड्यूक सिगिस्मुंडला फुगरांनी कर्जे दिली आणि फेड म्हणून श्वात्सच्या खाणीतली चांदी घेतली. १४९४ साली थुर्झो घराण्याशी करार करून हंगेरीतल्या नॉयझोलच्या तांब्यावर हात ठेवला. ते आजच्या स्लोव्हाकियातले बान्स्का बिस्त्रिता. हे तांबे नद्यांवरून दान्झिगला, तिथून अँटवर्पला आणि पुढे लिस्बनला जायचे. लिस्बनहून तांब्याचा मोठा वाटा पोर्तुगीज गलबतांतून मलबारला जाई, कारण मिरी विकणाऱ्यांना युरोपातला दुसरा कुठलाही माल फारसा नको होता.

आता रोमचा खण. १५०८ ते १५२४ या काळात मध्ये खंड पडत का होईना, पोपची टांकसाळ फुगरांकडे होती आणि तिथल्या नाण्यांवर त्यांच्या पेढीची खूण उमटलेली दिसते. धर्मपीठाला जर्मन प्रदेशातून जाणारा पैसा त्यांच्या हुंड्यांवरून जाई. १५१४ साली ब्रांडेनबुर्गच्या अल्ब्रेख्तला माइन्झचे आर्चबिशपपद मिळाले. आधीच दोन पदे हातात असताना हे तिसरे मिळवायचे म्हणजे रोमला जबर रक्कम भरणे आले. ती फुगरांनी दिली, सुमारे २९,००० गुल्डन. मग पोपने परवानगी दिली की अल्ब्रेख्तने आपल्या प्रदेशात पापक्षालनाच्या चिठ्ठ्या विकाव्यात. निम्मा पैसा सेंट पीटरच्या बांधकामाला, निम्मा कर्जफेडीला. धर्मोपदेशक योहान टेट्झेल गावोगावी चिठ्ठ्या विकत फिरला तेव्हा पैशाच्या पेटीबरोबर फुगरांचा गुमास्ता होता. ३१ ऑक्टोबर १५१७ रोजी मार्टिन ल्यूथरने ९५ कलमे लिहिली ती या विक्रीवर.

इथवरची गोष्ट अनेकांना ठाऊक असते. तिच्यावरून पुढे असा निष्कर्ष निघतो की टीका झाल्यावर याकोब घाबरला आणि गरिबांसाठी घरे बांधून मोकळा झाला. कागदांच्या तारखा पाहिल्या तर हे टिकत नाही. आउग्सबुर्गच्या संत आन्ना मठाच्या चर्चमध्ये घराण्याचे समाधी-चॅपेल बांधायचे ठरले ते १५०९ साली, म्हणजे ल्यूथरचे नाव कुणाला माहीत नसताना. गरिबांच्या वसाहतीसाठी जागा घेणे आणि शहराशी करार करणे हे १५१६पर्यंत उरकले होते. त्याही आधी पेढीच्या वहीत संत उलरिखच्या नावाने खाते उघडलेले होते. शहराचा हा पाठीराखा संत इतर खातेदारांच्या ओळीत बसला होता. धर्मादायाची रक्कम त्याच्या नावावर जमा होई. भीतीने केलेले दान असे वर्षानुवर्षे वहीत वाढत नसते.

भीती नव्हती म्हणजे अस्वस्थता नव्हती असे मात्र नाही. व्याज घेणे हे चर्चच्या दृष्टीने पाप होते आणि फुगर लोकांच्या ठेवी पाच टक्क्यांनी घेत. १५१४ साली धर्मशास्त्री योहान एकने आउग्सबुर्गमध्ये पाच टक्क्यांच्या कराराची बाजू मांडली आणि १५१५ साली बोलोन्याला जाऊन त्यावर वादही केला. प्रवासाला फुगरांचे पाठबळ होते. पैसा देऊन अनुकूल शास्त्रार्थ मिळवला, असे याला म्हणता येईल आणि ते खोटे नाही. पण ज्याला पापाची पर्वाच नाही तो शास्त्रार्थ कशाला विकत घेईल? याकोबला व्याज हवे होते आणि मोक्षही हवा होता, आणि दोन्ही कायदेशीर कागदावर हवे होते.

त्याचे दानपत्र २३ ऑगस्ट १५२१चे आहे. एकाच कागदात तीन दाने नोंदली आहेत : संत आन्नाचे चॅपेल, संत मोरित्सच्या चर्चमधली प्रवचनकाराची जागा, आणि गरिबांची वसाहत, म्हणजे फुगराय. दान याकोबच्या आणि वारलेल्या भावांच्या, उलरिख आणि गेओर्गच्या, नावाने. घरे कुणाला, तर आउग्सबुर्गच्या धर्मनिष्ठ गरीब कारागिरांना आणि रोजंदारीवाल्यांना, जे उघड भीक मागत नाहीत. हे शेवटचे कलम नीट वाचायला हवे. भिकाऱ्यांसाठी शहरात धर्मशाळा होत्या. आजारपण, मंदी किंवा बाळंतपण यांमुळे जो कामकरी उद्या भिकारी होईल, त्याला आज सावरण्याची ही सोय होती. भाडे वर्षाला एक राइनी गुल्डन, तेही इमारतींच्या डागडुजीसाठी. शिवाय प्रत्येकाने दात्यासाठी आणि त्याच्या घराण्यासाठी रोज तीन प्रार्थना म्हणायच्या : आमच्या बापा, नमो मरिये आणि मतांगीकार. शब्द कराराचेच आहेत. घर हे देणे, प्रार्थना हे घेणे.

१५२३पर्यंत ५२ घरे उभी राहिली. प्रत्येक घरात दोन बिऱ्हाडे, एक खाली, एक वर, आणि दोघांना रस्त्यावरून स्वतंत्र दार. माझ्या मते दानपत्राइतकाच हा दरवाजाही महत्त्वाचा पुरावा आहे. धर्मादाय म्हणजे एका दालनात ओळीने खाटा, अशी तेव्हाची पद्धत होती. गवंडी थोमास क्रेब्सने बांधलेल्या या चाळवजा वसाहतीत मात्र गरिबाला स्वतःचा उंबरा मिळाला. 

याकोबचे स्वतःचे राहते घर याच्या अगदी उलट टोकाला होते. आजच्या माक्सिमिलियान रस्त्यावरचा फुगरवाडा १५१२ ते १५१५ या काळात बांधला. आतल्या एका चौकाची, दामेनहोफची, धाटणी इटलीची, आणि आल्प्सच्या उत्तरेला तशी ती बहुधा पहिलीच. १५१८च्या ऑक्टोबरात पोपचा दूत कार्डिनल कायेतान इथेच उतरला होता आणि ल्यूथरची चौकशी याच वाड्यात झाली. ल्यूथर स्वतः राहिला होता संत आन्नाच्या मठात, जिथे फुगरांचे चॅपेल त्याच वर्षी जानेवारीत पवित्र करून पूर्ण झाले होते. भावांच्या समाधिशिल्पांची रेखाटने चित्रकार ड्यूररची. ल्यूथर दिवसा फुगरांच्या वाड्यात जबाब देत होता आणि रात्री फुगरांच्या चॅपेलच्या आवारात झोपत होता.

दुसऱ्याच वर्षी याकोबच्या पेढीने आपला सर्वांत मोठा व्यवहार केला. सम्राट झालेला माक्सिमिलियन वारला, आणि त्याचा नातू स्पेनचा राजा चार्ल्स याला सम्राट म्हणून निवडून आणायचे होते. मते सात इलेक्टरांची, म्हणजे सम्राट निवडण्याचा हक्क असलेल्यांची. या निवडणुकीचा खर्च हिशेबात उतरलेला आहे : एकूण ८,५१,९१८ गुल्डन. त्यांपैकी ५,४३,५८५ फुगरांचे, १,४३,३३३ वेल्झर या दुसऱ्या जर्मन पेढीचे आणि उरलेले १,६५,००० तीन इटालियन पेढ्यांचे. पैसे घेणाऱ्यांत माइन्झचा तोच अल्ब्रेख्त होता. १५२३च्या एप्रिलमध्ये थकबाकी वसूल होईना तेव्हा याकोबने सम्राटाला पत्र लिहिले. माझ्या मदतीशिवाय आपल्याला रोमन राजमुकुट मिळाला नसता हे जगजाहीर आहे, असे त्यात तो स्वच्छ सांगतो. हा सूर उर्मटपणाचा वाटतो, पण त्याच सुमारास न्यूरेंबर्गला फुगरांवर मक्तेदारीचा खटला उभा राहत होता. हा सम्राटाला झापणारा धनको आहे, तसाच संरक्षण मागणारा आरोपीही.

३० डिसेंबर १५२५ रोजी याकोब वारला. मूलबाळ नव्हते. आठवडाभर आधी केलेल्या मृत्युपत्रात पेढी पुतण्या आंटोनकडे गेली. विधवा सिबिलाने काही आठवड्यांतच दुसरे लग्न केले आणि तेही प्रोटेस्टंट पद्धतीने. याकोबला ज्या संत आन्ना चर्चमध्ये पुरले तिथे त्याच नाताळात ल्यूथरच्या पद्धतीने प्रसाद वाटला गेला होता. जर्मनीतल्या सर्वांत श्रीमंत कॅथलिकाची समाधी अशी ल्यूथरपंथी चर्चमध्ये आली आणि आजही तिथेच आहे.

आंटोनने १५२७ साली पेढीची झाडाझडती केली. ती वही टिकली आणि १९०५ साली याकोब श्ट्रीडर या इतिहासकाराने ती छापली. मोजमाप ठोकळ आकड्यांत असे : मालमत्ता ३० लाख गुल्डन. त्यांत खाणी आणि खाणींतले हिस्से २,७०,०००, इतर स्थावर १,५०,०००, माल ३,८०,०००, बहुतेक तांबेच. येणी १६,५०,०००. रोकड फक्त ५०,०००. देणी वजा जाता भांडवल २० लाखांच्या वर, आणि सोळा वर्षांपूर्वी ते दोन लाखांच्या आत होते. श्रीमंती म्हणून आपण जी कल्पना करतो ती या पानावर सापडत नाही. निम्म्याहून अधिक संपत्ती म्हणजे दुसऱ्यांनी, त्यातही चार्ल्सच्या हाब्सबुर्ग घराण्यातल्या राजांनी, परत करायचे पैसे. पेढी राजांवर अवलंबून होती आणि राजे पेढीवर. त्या काळी याला पत म्हणत.

याच आंटोनबद्दल एक लोकप्रिय गोष्ट आहे. सम्राट चार्ल्स वाड्यावर आला असता आंटोनने शेकोटीत दालचिनीची मोळी जाळली आणि ती पेटवायला सम्राटाचे कर्जखत वापरले. १८६६ साली कार्ल बेकरने यावर चित्र काढले आणि ते बर्लिनला आहे. समकालीन कागदांत या प्रसंगाचा मागमूस नाही, आणि १५२७ची झडती ज्याने करवून घेतली तो माणूस कर्जखताने शेकोटी पेटवेल हे संभवतच नाही. वरचा १५२३चा तगादा वाचलेल्याने तरी ही कथा सोडून द्यावी.

पुढच्या पिढीत धर्म घरात शिरून भांडू लागला. आंटोनचा पुतण्या उलरिख प्रोटेस्टंट झाला आणि हायडेलबर्गला गेला. त्याने जमवलेली हस्तलिखिते तिथल्या ग्रंथालयात विसावली. १६२३ साली तीस वर्षांच्या युद्धातली लूट म्हणून हे ग्रंथालय पोपला मिळाले, आणि कॅथलिक घराण्यातून फुटून निघालेल्या माणसाची पुस्तके व्हॅटिकनमध्ये जाऊन पोचली. घरातल्या दोन सुना, याच पिढीतल्या गेओर्गची उर्सुला आणि मार्कुसची सिबिला, यांचा प्रवास उलटा. ल्यूथरपंथी घरांतून आलेल्या या बायका जेझुइट प्रवचनकार पेत्रुस कनिझिउसच्या शब्दावर कॅथलिक झाल्या. त्यानंतर फुगरांचा पैसा जेझुइटांकडे वळला. १५८० साली फ्रेंच लेखक मोंतेन्य आउग्सबुर्गहून गेला. त्याने वाड्याचे तांब्याचे छप्पर टिपले, आणि एका फुगराच्या आत्म्यासाठी वारसांनी जेझुइटांना ३०,००० गुल्डन रोख दिल्याचेही टिपले. याकोबने एका आत्म्यासाठी शेकडो गरिबांच्या तीन-तीन प्रार्थना बांधून घेतल्या होत्या. घराण्याच्या पुढच्या पिढ्यांनी ते काम एका संस्थेला ठोक रकमेत दिले. मला पहिली पद्धत जास्त शहाणपणाची वाटते.

राहिला लिस्बनचा खण. १५०५ साली पोर्तुगीज व्हाइसरॉय फ्रांसिश्कु द आल्मैदाच्या आरमाराबरोबर तीन गलबते परदेशी व्यापाऱ्यांच्या पैशाने निघाली. जर्मनांचा वाटा ३६,००० क्रुझादो : वेल्झरांचे २०,०००, फुगरांचे फक्त ४,०००. याकोब या धंद्यात हात राखून उतरला होता. आरमार सप्टेंबरात अंजदीव बेटावर लागले, तिथे किल्ला बांधला आणि मग मलबारकडे गेले. वेल्झरांचा माणूस बाल्टाझार श्प्रिंगर या सफरीत होता. त्याचे वर्णन १५०९ साली छापले गेले. परतल्यावर पोर्तुगालच्या राजाने मिरी वखारीत अडकवून ठेवली, कज्जे चालले, आणि शेवटी सुमारे दीडशे टक्के नफा हाती आला. तरीही फुगरांनी पुढची ऐंशी वर्षे भारतात भांडवल न घालता तांबे विकण्यावरच भर दिला. माल आपला, समुद्र दुसऱ्याचा.

१५८०च्या दशकात आंटोनच्या भावाचे नातू फिलिप एडुआर्ड आणि ऑक्टाव्हियन सेकुंडुस मिरीच्या मक्त्यात शिरले आणि १५८७ साली आउग्सबुर्गचा फर्डिनांड क्रोन फुगर-वेल्झरांचा मुनीम म्हणून गोव्याला निघाला. मक्ता काही वर्षांत संपला. क्रोन परत गेला नाही. त्याने गोव्यात लग्न केले, स्वतःचा व्यापार वाढवला, आणि युरोपातून खुष्कीच्या मार्गाने येणाऱ्या बातम्यांच्या जोरावर डच गलबतांची आगाऊ खबर पोर्तुगीज सरकारला दिली. याच बातम्यांमुळे पुढे त्याच्यावर संशय आला, तो परकी असल्याची आठवण सगळ्यांना झाली, आणि त्याला गोवा सोडावा लागला. तो १६३७ साली माद्रिदला वारला. फिलिप एडुआर्ड आणि ऑक्टाव्हियन यांनी जमवलेली बातमीपत्रे, १५६८ ते १६०५ या काळातली, २७ खंडांत व्हिएन्नाच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आहेत.

पेढी सतराव्या शतकाच्या मध्यात बंद पडली. स्पेनच्या राजाने १५५७पासून वारंवार हात वर केले त्याचा तो परिणाम. जमीनजुमला उरला. किर्खहाइमचा, आंटोनचा मुलगा हान्स याने बांधलेला वाडा आणि त्यातले कोरीव सीडरचे छत अजून आहे. आउग्सबुर्गचा वाडा आणि फुगरायचा बराचसा भाग फेब्रुवारी १९४४च्या बॉम्बहल्ल्यात पडला. घराण्याने १ मार्चलाच वसाहत पुन्हा बांधायचा ठराव केला. आज तिथे सुमारे १५० माणसे राहतात. वार्षिक भाडे ८८ सेंट, अट गरजू असण्याची आणि कॅथलिक असण्याची, प्रार्थना तीनच. खर्च मुख्यतः घराण्याच्या धर्मादायाच्या जंगलांतून निघतो.

या इतिहासाची युरोपकडची बाजू जर्मन अभ्यासकांनी शंभर वर्षे खपून छापली आहे. गोव्याकडची बाजू आपल्या दाराशी आहे. पणजीच्या पुराभिलेखागारात राजाच्या आणि व्हाइसरॉयच्या पत्रव्यवहाराच्या, दर मोसमाच्या गलबतांबरोबर आलेल्या, वह्या आहेत. इतिहासकार पांडुरंग पिसुर्लेकरांनी त्या दप्तराची व्यवस्था लावून दिली आणि त्यातून मराठे-पोर्तुगीज संबंध उलगडून दाखवले. ज्या मराठी अभ्यासकाला पोर्तुगीज येते त्याने याच वह्या आता व्यापाऱ्यांच्या नावांसाठी वाचाव्यात, आणि सुरुवात क्रोनपासून करावी.